काहीतरी वाजतंय

आप्पांच्या गाडीत फुकट बसायला मिळत नाही. ते पैसे घेत नाहीत, काम देतात. पुढच्या सीटवरच्याने डॅशबोर्डवर दोन्ही तळवे दाबून धरायचे आणि आप्पा ‘सोड’ म्हणाले की सोडायचे. मागे डावीकडे बसणाऱ्याने सीटबेल्टचं बक्कल मुठीत आवळायचं, कारण ते खांबाच्या प्लॅस्टिकवर आपटतं. उजवीकडच्याने दाराच्या खिशात हात कोंबायचा. मधे तिसरा कोणी असलाच, तर त्याने मान वर करून छतातल्या दिव्याला बोट लावून बसायचं. गाणं मोठ्याने चालू असतं आणि गाडीतला एकही माणूस ते ऐकत नसतो. सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला आत डोकावतो, चार माणसांचे हात चार ठिकाणी टेकलेले बघतो, आणि कुठल्यातरी बुवांचा पंथ असावा असं समजून आदराने मान तुकवतो.

“वाजतंय न्हवं?” आप्पा विचारतात.

‘नाही’ म्हटलं तर ते आवाज वाढवतात. ‘हो’ म्हटलं तर ‘कुठं?’ असं विचारतात. ह्यातून सुटायचा तिसरा मार्ग फक्त वैनींना सापडला आहे. त्या माहेरी कागलला एसटीने जातात.

आप्पा साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. गाळप हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. ऊस तोडणाऱ्या सुऱ्या, पुढे मिलचे रोलर, टर्बाइन, पंप, साखर आणि मळी वेगळी करणारी सेंट्रिफ्यूगल यंत्रं, ह्या सगळ्यांत शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. त्या गदारोळात आप्पा लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, “हे हंगाम काढंल. त्याच्या पलीकडचं न्हाई काढत.” फिटर लोकांची ही जुनी विद्या आहे. हवेतून येणारा आवाज सगळ्यांचा मिसळून येतो, लोखंडातून येणारा एकट्याचा येतो. आप्पांचा शब्द ऐकून साहेबांनी मिल थांबवल्याचे आणि न ऐकल्यामुळे मिल आपोआप थांबल्याचे किस्से अजून कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगतात.

असा कान घेऊन माणूस निवृत्त होतो तेव्हा त्या कानाचं पुढे काय करायचं, ह्यासाठी प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मात रकाना नसतो. सुरुवातीला आप्पांनी घरातल्या घरात भागवून बघितलं. फ्रिज ऐकला, मिक्सर ऐकला, पंखा खाली उतरवून त्याची बुशं बदलली. मग एकदा जिना चढताना त्यांनी वैनींच्या उजव्या गुडघ्याबद्दल मत दिलं. त्यानंतर फार काळ घरात ऐकण्यासारखं बरंच काही होतं, पण ते सगळं त्यांच्याविषयीच होतं. तेव्हा त्यांनी गाडी घेतली.

पांढरी, लहान, साधी हॅचबॅक. उद्यमनगरातल्या एका पोराकडून पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर आणि डिकीत सबवूफर बसवून घेतला. जुन्या लावण्यांतली ढोलकी एकदा नीट ऐकायची, एवढीच इच्छा होती. कारखान्यात उभ्या जन्मात ती ऐकू आली नव्हती. ढोलकीची पहिली थाप पडली आणि डाव्या दारातून कोणीतरी उत्तर दिलं. त्या दिवसापासून आप्पांनी ढोलकी ऐकलेली नाही. ते उत्तर ऐकतात.

गाडीचं दार बाहेरून भक्कम दिसतं, पण बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. आतला पत्रा भोकाभोकांचा, त्याला चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद, आणि त्यावर आपण कोपर टेकतो ते शोभेचं ट्रिम. हे ट्रिम नायलॉनच्या क्लिपा आणि दोन-तीन स्क्रू ह्यांच्या भरवशावर टांगलेलं. मधल्या पोकळीत काच वर-खाली करणारी यंत्रणा, कुलपाच्या सळया, वायरी. स्पीकरचा पडदा जेवढी हवा आपल्याकडे ढकलतो तेवढीच मागे, ह्या अडगळीत ढकलतो. त्या अडगळीतल्या प्रत्येक वस्तूची आपली एक कंपनसंख्या ठरलेली असते. गाण्यात नेमका तेवढ्या कंपनांचा स्वर आला की ती वस्तू थरथरायला लागते आणि शेजारच्या वस्तूवर आपटते. स्वर थोडा इकडेतिकडे झाला तर तीच वस्तू तोंड मिटून बसते. आप्पांच्या भाषेत, “हरएक पत्र्याला एकच शिवी लागू पडती. ती दिल्याबिगर त्यो उठत न्हाई.”

शिव्या शोधण्यासाठी त्यांनी फोनवर एक सोय करून घेतली. २० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत शुद्ध, सपाट स्वर हळूहळू चढवत न्यायचा, आणि जिथे काही थरथरलं तिथे थांबून ते थरथरणारं बखोट धरायचं. हा उद्योग पहाटेच, कारण तेव्हा रस्ता शांत असतो. कॉलनी साखरझोपेत असताना खालून एक हुंकार सुरू व्हायचा, तो चढत चढत जायचा, मधेच अडायचा, आणि मग अंधारातून आप्पांचा विजयी आवाज यायचा, “गावलास!”

कॉलनीतल्या गाण्याच्या बाई तक्रार करायला खाली उतरल्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, करड्या शिस्तीच्या. गाडीपाशी येऊन त्यांनी तोंड उघडलं, आणि तक्रारीच्या ऐवजी त्यांच्या तोंडून निघालं, “काळी दोन. पण खर्जाच्याही खाली.” आप्पांनी फोन बघितला. ७८ हर्ट्झ. बाईंचं बरोबर होतं. त्या दिवसापासून आप्पांची वही सुरू झाली आणि बाईंची झोप गेली ती गेलीच.

ती वही मी पाहिलेली आहे. कारखान्याच्या छापील रजिस्टरातली उरलेली पानं, ‘मशिनरीचे नाव’ खोडून त्यावर ‘जागा’ लिहिलेलं. पुढे हर्ट्झ, पट्टी, लक्षण, उपाय. ‘७८, काळी दोन, पुढचे डावे दार, खालून दुसरी क्लिप, खडखड.’ ‘१०४, काळी चार, चष्म्याचा कप्पा, किणकिण, चष्मा काढला तरी.’ ‘५५, पांढरी सहा, डिकीतला जॅक, दणदण.’ ‘४६, काळी तीन, नंबरप्लेट, फक्त बाहेरून.’ हा शेवटचा शोध लावायला वैनींनी गाडी चालवली होती आणि आप्पा मागून नंबरप्लेटला कान लावून धावत होते. रंकाळ्यावर सकाळी फिरायला आलेल्या लोकांना वाटलं, बाई नवऱ्याला टाकून निघाल्या. दोघातिघांनी हात करून त्यांना ‘थांबू नका’ असं सुचवलंही.

लक्षणांसाठी आप्पांनी वापरलेले शब्द मोजायला बसलो तर एक छोटा कोश होईल. खडखड वेगळी, खुळखुळ वेगळी, किरकिर वेगळी आणि कुरकुर तर फारच वेगळी. पहिल्या दोघींत वस्तू एकमेकींवर आपटत असतात, शेवटच्या दोघींत प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर अडत-घसरत असतं. पहिल्यांना मधे काहीतरी मऊ घालायचं, दुसऱ्यांना दूर सारायचं. ह्या ‘काहीतरी मऊ’चा शोध हे आप्पांच्या आयुष्यातलं एक स्वतंत्र प्रकरण आहे. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या झाल्या, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडचं फेल्ट झालं, वायरिंगला गुंडाळतात ती कापडी टेप झाली. ट्यूब उन्हात चिकट व्हायची, फेल्टला गोंद लावावा लागायचा, तो वाळेपर्यंत दाबून धरायला माणूस लागायचा, आणि माणसं आप्पांना बघून वळसा घालायला लागली होती.

तेवढ्यात वैनींच्या टिकल्या कमी व्हायला लागल्या.

मरून रंगाच्या, मखमली, महाद्वार रोडवरून पाकिटाने आणलेल्या. वैनींना आधी वाटलं आरशाला लावल्या असतील. आरशावर नव्हत्या. मोलकरणीवर संशय घ्यावा तर ती मोठी टिकली लावणारी नव्हती. पुढे गाडी सर्व्हिसिंगला गेली. एसीचा फिल्टर ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, म्हणून तिथल्या पोराने ग्लोव्हबॉक्स खाली काढला, आणि आत कडेकडेने ओळीत लावलेल्या मरून टिकल्या दिसल्या. झाकणाच्या बिजागरीला दोन, कोपऱ्यांना एकेक, खाचेत तीन. पोराने हात जोडले, फिल्टर न बदलताच कप्पा बंद केला आणि बिलावर लिहिलं, ‘फिल्टर ओके’.

खरं सांगायचं तर ह्या कामाला टिकलीहून चांगली वस्तू बाजारात नाही. एका बाजूला मखमल, दुसऱ्या बाजूला गोंद, जाडी अर्धा मिलिमीटर, हव्या त्या आकारात मिळते. वैनींचं म्हणणं एवढंच होतं, की सवाष्णीच्या कपाळावरून काढून डॅशबोर्डला लावायची तर निदान विचारावं. त्यावर आप्पांनी त्यांना गंभीरपणे विचारलं, “ह्याच्यापेक्षा बारीक मिळत्यात का गं?”

एवढं करून गाडी शांत झाली असेल असं वाटेल. झाली नाही, आणि ह्यात आप्पांचा दोष नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून ठेवतो. दाराची खडखड गेली तेव्हा तिच्या आड लपलेली स्पीकरच्या जाळीची किणकिण वर आली. ती गेली तेव्हा सनव्हायझरची खुंटी बोलायला लागली. ती दाबली तर सीटबेल्टचा उंची कमी-जास्त करायचा सरक, तो दाबला तर वायपरच्या खालचं काळं झाकण. शिवाय प्लॅस्टिक थंडीत आकसतं आणि उन्हात फुगतं, त्यामुळे वहीत थंडीचे आवाज आणि उन्हाळ्याचे आवाज अशी निराळी खाती पडली. संक्रांतीला बंद केलेली फट अक्षय्यतृतीयेला आपसूक बंद असते आणि दिवाळीनंतर परत हजर होते. ह्या हिशेबाने पाहिलं तर आप्पांची गाडी दरवर्षी अधिकाधिक शांत होते आहे आणि आप्पांना ती दरवर्षी अधिकाधिक वाजते आहे.

माझं मत विचाराल तर त्यांना शांतता नकोच आहे. मिल बंद पडली की फोरमनच्या पोटात गोळा येतो. पण हे मत मी त्यांना सांगितलेलं नाही, कारण ते बोलेपर्यंत दुसऱ्या हाताने मला काहीतरी धरायला लावतील.

दारांना ‘अस्तर’ करायचं खूळ मधल्या काळातलं. ब्यूटाइल रबराची चादर मिळते, वर ॲल्युमिनियमचा वर्ख. दाराच्या आतून बाहेरच्या पत्र्याला ती चिकटवायची, छोट्या रुळाने घासून घट्ट बसवायची. पत्रा थरथरला की रबर ओढलं जातं आणि थरथर उष्णतेत जिरून जाते. आधी बोटाच्या पेराने पत्रा वाजवला तर ‘टण्ण’ म्हणतो, नंतर ‘ठप्प’. उद्यमनगरातल्या पोराने सांगितलं होतं, मधला पाव भाग झाकला तरी पुष्कळ होतं. पण कारखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाला ‘पाव’ हे माप पटत नाही. आप्पांनी चारही दारं काठोकाठ झाकली, वर दुसरा थर दिला, आणि तळाशी दोन-तीन भोकं उरली होती ती गाफीलपणाची खूण समजून बुजवून टाकली.

ती भोकं पाण्यासाठी असतात. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते खालून निघून जावं म्हणून गाडी बनवणाऱ्यांनीच ती ठेवलेली असतात. हे आप्पांना जुलैत गगनबावड्याच्या वाटेवर कळलं. तिथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. भाजलेल्या कणसांच्या टपरीपाशी थांबून त्यांनी दार उघडलं तर दारातून ‘डुचुक्’ असा आवाज आला. बंद केलं, परत आला. बरोबरचे सगळे घाबरले. आप्पा मात्र तसेच भिजत उभे राहिले, दार दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे हलवत. चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या थोरलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

“ह्यो नवा हाय,” ते म्हणाले.

मग खिशातून टोच्या काढून त्यांनी भोक मोकळं केलं आणि दारातून पाण्याची धार लागली. टपरीवाल्याने कणीस भाजायचं थांबवून विचारलं, “काका, गाडी गाभण हुती व्हय?”

टपाची कथा ह्याहून थोडक्यात संपते. टप हा गाडीतला सगळ्यात मोठा सलग पत्रा, आणि तो घुमतो. नेमका कुठे घुमतो हे दिसावं म्हणून आप्पांनी टपावर बारीक रवा पसरला आणि खालून स्वर चढवला. रवा नाचला, सरकला, आणि जिथे पत्रा हलत नव्हता त्या रेषांवर जाऊन बसला. त्यांची धाकटी शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेली. तिने गच्चीवरून बघून सांगितलं, “आप्पा, हे क्लाड्नीने १७८७ मध्येच छापून ठेवलंय. जर्मनीत. तो पितळेच्या तबकडीवर वाळू टाकून व्हायोलिनचा गज फिरवायचा.” आप्पांनी विचारलं, “मग त्याचं वाजायचं बंद झालं का?” ते काही छापलेलं नसावं. तोवर रव्याला मुंग्या लागल्या होत्या आणि वैनी खाली उतरत होत्या, कारण तो उपम्याचा होता.

गणपतीत कोल्हापुरात डीजेच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा कॉलनीतली म्हातारी माणसं कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसतात. आप्पा त्या दिवसांची श्रावणापासून वाट बघतात. मिरवणुकीच्या वाटेच्या आसपास एखादा बोळ हेरून ते गाडी तिथे लावतात, स्वतःचे स्पीकर बंद ठेवतात, काचा चढवतात आणि आत बॅटरी घेऊन बसतात. लोक लाखो रुपये खर्चून पन्नास-साठ हर्ट्झ तयार करत असतात, आणि आप्पा ते फुकट वापरतात. बाहेर पोरं बेभान नाचताहेत, आत एक म्हातारा सनव्हायझरला कान लावून वहीत नोंदी करतो आहे. एका हवालदाराने काच ठोठावून विचारलं, “काय करताय आत?” आप्पांनी काच न उघडता ओठांवर बोट ठेवलं. हवालदार निमूट उभा राहिला. पुढे तोही वाकून ऐकायला लागला, तेवढ्यात त्याला वायरलेसवरून बोलावणं आलं. वायरलेस फार खरखरतो, असं आप्पांनी त्याला जाता जाता सांगितलं.

बाईंच्या तंबोऱ्याचं जरा सविस्तर सांगायला हवं. बाईंचा जुना तंबोरा बसका बोलायला लागला होता, म्हणून तो मिरजेला न्यायचा होता. मिरजेत सतारमेकर गल्लीत दीडशे वर्षांहून अधिक काळ तंतुवाद्यं बनतात. ही मूळची हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी. हत्यारांचे दिवस गेले तसे त्यांचे हात भोपळ्यांकडे वळले. भोपळेही पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, जाड सालीचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आप्पा म्हणाले, मी सोडतो. बाईंना दुसरं वाहन मिळत नव्हतं असं नाही. पण नको म्हणायला उशीर झाला.

तंबोरा मागच्या सीटवर आडवा, त्याला सीटबेल्ट. बाई पुढे, तळवे डॅशबोर्डवर. मी मागे भोपळ्याच्या शेजारी, बक्कल धरून. हातकणंगल्याच्या आधीच आप्पांनी मान तिरकी केली. “मागं कोणतरी गुणगुणतंय.” गाडी थांबवली. गाणं बंद केलं, गुणगुण बंद. गाणं लावलं, गुणगुण सुरू. आप्पांनी मला उतरवलं, माझी सीट उचलली, खालचा गालिचा उचलला. मग परत निघालो, परत थांबलो. असं करत जयसिंगपूर आलं तेव्हा बाई डॅशबोर्ड न सोडता म्हणाल्या, “आप्पा, तंबोरा आहे तो. गाण्यातला षड्ज त्याच्या तारांना मिळाला की तारा आपोआप बोलतात.” आप्पांनी तंबोऱ्याकडे वळून बघितलं. एखाद्या पाहुण्याने न सांगता घरातलं काम करून टाकावं आणि आपल्याला संकोच व्हावा, तसा काहीतरी भाव होता.

गल्लीतल्या कारागिराने तंबोरा मांडीवर घेतला. तारा सैल करून घोडीचा माथा कानशीने घासला, पुसला, पुन्हा घासला. मग तार चढवली आणि तिच्याखाली सुताचा बारीक दोरा सरकवला. तार छेडत दोरा केसभर पुढे, केसभर मागे. आधी तार नुसती ‘टुंग’ म्हणत होती. एका जागी दोरा आला आणि ती एकदम झणझणायला लागली, लांबच लांब, आत सतरा स्वर उलगडत. बाईंनी डोळे मिटले. “जवारी लागली,” त्या म्हणाल्या.

आप्पा उकिडवे बसले होते ते आणखी पुढे सरकले. “म्हंजे ही तार घोडीला घासतीय.”

“घासतेय नाही, टेकतेय,” कारागीर म्हणाला. “सुटते, टेकते. त्यातून झणकार.”

“मग ते माझं दार काय वेगळं करतंय?”

कारागिराला दाराचं प्रकरण माहीत नव्हतं. ते त्याला सांगण्यात आलं. सावकाश, हर्ट्झसकट. आश्चर्य म्हणजे त्याने ऐकून घेतलं, आणि ‘कुठल्या पट्टीत?’ असं विचारलं. बाईंनी पैसे दिले, आम्ही निघालो, आणि परतीच्या वाटेवर आप्पांनी गाणं लावलंच नाही. हातकणंगलं मागे पडल्यावर ते म्हणाले, “त्यो दोरा कुठं थांबवायचा हे त्याला कशानं कळतं ओ बाई?”

“कानाने.”

“मग त्याचं न् माझं काम एकच की. त्यो वाजवायला दोरा घालतोय, मी थांबवायला टिकली लावतोय.” थोड्या वेळाने म्हणाले, “त्याला गिऱ्हाईक हाय, एवढाच फरक.”

बाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांचे तळवे अजून डॅशबोर्डवर होते, आणि आप्पांनी ‘सोडा’ म्हटलेलं नव्हतं.

धाकटीच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा आप्पांनी पत्रिका बाजूला ठेवल्या. येईल त्या मुलाला ते गाडीतून एक फेरी मारून आणायचे. पहिलं स्थळ तोलामोलाचं होतं. मुलगा चाकणला मोटार कंपनीत, तोही नेमका आवाज आणि कंपनांच्या विभागात. त्याने सांगितलं, ह्या खडखडीला कंपन्यांत ‘बीएसआर’ म्हणतात, म्हणजे बझ, स्क्वीक आणि रॅटल. नवी गाडी चार खांबांवर उभी करतात, चारही चाकांखाली एकेक खांब, आणि खराब रस्ता असावा तशी ती जागच्या जागी हलवतात. खोली अगदी शांत ठेवलेली. आत माणसं बसून नुसतं ऐकतात. विजेच्या गाड्या आल्यापासून हे काम वाढलंय, कारण इंजिनाचा आवाज नसल्यामुळे झाकायला काही उरत नाही.

आप्पांनी गाडी बाजूला घेतली. “नुसतं ऐकत्यात? न् पगार?”

“चांगला असतो.”

आप्पांचा कंठ दाटून आला. लग्न ठरल्यात जमा होतं. मग त्यांनी गाणं लावलं, आवाज चढवला आणि अपेक्षेने मुलाकडे बघितलं. मुलाने पुरतं मिनिटभर लक्ष देऊन ऐकलं आणि धंद्यातल्या माणसाच्या तटस्थपणे निर्वाळा दिला, “काका, ह्या किमतीच्या गाडीला हे मर्यादेत आहे.”

आप्पा घरी आले ते थेट देवघरापाशी जाऊन बसले. “मर्यादेत हाय म्हणतोय,” ते वैनींना सांगत होते. “ऐकू येतंय त्याला, आणि मर्यादेत हाय म्हणतोय!” न ऐकू येणाऱ्याला ते क्षमा करू शकत होते.

दुसरं स्थळ म्हणजे स्थळ नव्हतंच. विद्यापीठातला धाकटीचा मित्र, आता गडहिंग्लजला बँकेत. तिने त्याला आधीच पसंत केलं होतं आणि व्यवस्थित पढवून ठेवलं होतं. “काही कळलं नाही तरी चालेल. दुसरं गाणं लागलं की मान डावीकडे कर आणि म्हण, मागचं डावं दार.” हे मला ठाऊक होतं, कारण ती शिकवणी आमच्या जिन्यात झाली. तिला ठाऊक नव्हतं ते हे, की मागचं डावं दार आप्पांनी आदल्याच रविवारी उघडून, पुन्हा अस्तर करून, वहीत लाल शाईने ‘निकाली’ असा शेरा मारून बंद केलं होतं.

आम्ही निघालो. मुलगा पुढे, इस्त्रीच्या शर्टात, तळवे डॅशबोर्डवर. मी मागे. पहिलं गाणं झालं. दुसरं लागलं. मुलाने मान डावीकडे केली, घसा साफ केला आणि म्हणाला, “काका, मागचं डावं दार.”

आप्पांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. गाडीचा वेग कमी झाला, आप्पांनी काच चढवली, आवाज दोन घरं वाढवला, डोळे बारीक केले. बराच वेळ गेला. मी मनातल्या मनात धाकटीचं सांत्वन कसं करायचं ह्याची जुळवाजुळव करत होतो.

“हाय,” आप्पा पुटपुटले. “आयला, परत आलंय. मी निकाली काढलेलं. मला न्हाई आलं ऐकू, ह्याला आलं!”

गाडी तिथल्या तिथे वळली. घरात मुलाचे आईवडील वैनींशी बोलत पोहे खात होते. बाहेर पोर्चमध्ये आप्पांनी, जुन्या कापडात गुंडाळलेल्या वैनींच्या उलथन्याने, मागच्या दाराचं ट्रिम उचकटलं. क्लिपा एकेक करत टपटप निघाल्या. मुलाला एका गुडघ्यावर बसवून हातात बॅटरी दिली, मला फोन दिला. मी वीसपासून स्वर चढवायला लागलो. तीस. चाळीस. आप्पांनी जुना स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक पत्र्याला लावलं आणि मूठ स्वतःच्या नव्हे, त्या मुलाच्या कानाला टेकवली. मुलाने आधी नाइलाजाने, मग जरा सावरून, मग डोळे मिटून ऐकलं. साठ. सत्तर. त्याच्या भुवया वर गेल्या.

तेवढ्यात धाकटी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने आधी उघडं दार बघितलं, मग गुडघ्यावर बसलेला तो, मग माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. मी खांदे उडवले.

“अगं,” तो डोळे न उघडता तिला म्हणाला, “खरंच वाजतंय.”

“तू आधी ट्रे खाली ठेव,” आप्पा तिच्यावर खेकसले. “कपबशा मधे बोलत्यात.”